अंगठीतला पाहुणा

घाबरू नका मित्रांनो, नळीचं तोंड मेणानं बंद केलेलं आहे. हवं तर जवळ या. खिडकीपाशी जो लाकडी स्टँड आहे, त्यातल्या टोकाच्या नळीत तळाशी पिवळसर, थिजलेल्या खिरीसारखं काहीतरी दिसतंय ना? तिथे मी राहतो. मी एक जुना जंतू आहे. मला साल्मोनेला म्हणतात. जनावरांच्या एका परदेशी डॉक्टरच्या आडनावावरून हे नाव पडलं. ठेवताना मला कुणी विचारलं नव्हतं, पण बारशाला बाळाला तरी कोण विचारतं!

शाळेत तुम्ही छत्रीचं, पुस्तकाचं, फाटक्या चपलेचं आत्मवृत्त लिहिता. छत्रीच्या काड्या मोडतात, पुस्तकाला वाळवी लागते आणि मग ती बिचारी रडगाणं गातात. माझं रडगाणं नाही. मला फक्त कधी कधी एका घराची फार आठवण येते.

माझं वय विचारू नका, ते मला सांगता येणार नाही. आधण आल्यापासून भात शिजून उतरवेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढ्यात मी एकाचा दोन होतो. त्या दोघांत जुना कोण आणि नवा कोण, हे मलाही माहीत नसतं. दोघंही मीच. म्हणून मी जेव्हा 'मी' म्हणेन, तेव्हा तुम्ही मनात एक फार मोठी गर्दी धरा. ती गर्दी अगदी गप्प उभी आहे आणि तिला एकच आठवण आहे, असं समजा.

मला आठवतं ते माझं पहिलं घर म्हणजे देवळ्याच्या रस्त्यावरचं कोंबड्यांचं एक शेड. ही गोष्ट सत्त्याण्णवच्या आसपासची. कोंबडीच्या आतड्यात मी सुखानं राहत होतो. कोंबडीला माझा पत्ता नव्हता, ती दाणे टिपायची, अंडी द्यायची, भांडायची. शेडवाले तिच्या खाद्यात रोज थोडं औषध मिसळत, म्हणजे कोंबड्या आजारी पडत नाहीत आणि लवकर भरतात. सुरुवातीला त्या औषधानं मी पटापट मरायचो. मग शेजारच्या एका वेगळ्याच जातीच्या जंतूनं मला एक अंगठी दिली.

खरंच अंगठी. जनुकांच्या धाग्याची, गोल, इतकी बारीक की तुमच्या शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसणार नाही. ते औषध कसं पचवायचं, हे त्या अंगठीत लिहिलेलं होतं. दोन जंतू एकमेकांना चिकटतात, मध्ये एक नाजूक पूल तयार होतो आणि अंगठीची नक्कल इकडून तिकडे जाते. आमच्यात ही रीत फार जुनी आहे.

माझ्याकडे आणखीही काही वस्तू आहेत. माझ्या जनुकांच्या लांबलचक माळेत मध्येच काही मणी परक्या रंगाचे आहेत. शास्त्रज्ञ त्या झुबक्यांना बेटं म्हणतात. ती बेटं मी फार फार पूर्वी कुणाकडून तरी उसनी आणली. कुणाकडून ते आठवत नाही, तेव्हा परत करायचाही प्रश्न नाही. एका बेटावर सुई कशी घडवायची ते लिहिलं आहे. दुसऱ्यावर लिहिलं आहे, आत गेल्यावर कसं राहायचं. या वस्तू नसत्या तर मीही तुमच्या पोटातल्या हजारो निरुपद्रवी जंतूंसारखा एक साधा भाडेकरू असतो.

एके दिवशी शेडमधलं कोंबडखत पोत्यांत भरलं आणि टेम्पोत चढवलं. कांद्याच्या गाड्यांमागून रखडत रखडत मी नाशिकला आलो, मखमलाबादकडच्या एका मळ्यात. मळा खंडेरावांचा. ते, त्यांची बायको गोजराबाई आणि मुलगा बहिरू मिळून कोथिंबीर, मेथी आणि थोडा झेंडू करत. तिघंही कष्टाळू आणि हसतमुख. माझ्यासारख्याला अशी हसतमुख घरं आवडतात, तिथे पाहुण्याला कुणी नाव-गाव विचारत नाही.

बहिरूनं घमेल्यानं कोंबडखत वाफ्यांत टाकलं. घमेलं त्यानं हौदात विसळलं. मग संध्याकाळी कोथिंबिरीच्या जुड्या बांधल्या आणि त्याच हौदात बुडवून, ओल्या बारदानाखाली रचून ठेवल्या, म्हणजे सकाळी बाजारात त्या टवटवीत दिसतात. तुमच्या इकडचे सगळेच असं करतात. त्यात गैर काहीच नव्हतं, हौद तेवढा वेगळा हवा होता. बहिरूच्या उजव्या हातात सोन्याची अंगठी होती. वर पाच पाकळ्यांचं फूल कोरलेलं. काम करून बोट जाड झालेलं, त्यामुळे ती निघत नसे आणि तिच्याखाली कधी साबण पोचत नसे. हौदाच्या पाण्यातून मी त्या फुलाच्या पाकळीत जाऊन बसलो. जागा मला फार आवडली. दुसऱ्याच दिवशी त्या घरात उष्टावण होतं.

उष्टावण तुम्हाला माहीतच असेल. बाळ आईच्या दुधावरून पहिल्यांदा अन्नावर येतं, त्याचा पहिला घास मामा भरवतो. या घरात तो घास सोन्याच्या अंगठीनं भरवायची रीत होती. अंगठी खिरीत बुडवायची आणि बाळाच्या जिभेला लावायची. बाळ होतं मंजुषा, खंडेरावांच्या मुलीची, शुभांगीची लेक. गुबगुबीत, सहा महिने भरलेली, कुणाकडेही बघून हसणारी. बाप ललित नाशिकमधल्याच अंबडला कारखान्यात होता.

"बहिऱ्या, हात धुतले का रं?" गोजराबाईंनी विचारलं.

"दोनदा धुतले, आई. कोपरापर्यंत."

"दादा, अंगठी पण धू ना," शुभांगी म्हणाली. "तू सकाळपासून हौदात हात घालतोयस."

"सोन्याला काय धुवायचं?" गोजराबाई हसल्या. "सोन्याला इटाळ नसतो बाई. आमी काय तुला धुवून भरवलं व्हतं का? चांगली धडधाकट हायेस की."

शुभांगी परत कामाला लागली. आईपुढे त्या आनंदाच्या दिवशी कोण वाद घालणार? मी पाकळीत बसून हे सगळं ऐकलं.

मुहूर्त दुपारचा होता आणि ललितचा पत्ता नव्हता. त्याच्या जागी येणारा माणूस कामावर आला नव्हता, म्हणून कारखान्यात त्याला थांबवून घेतलं होतं. बापाशिवाय घास भरवायला शुभांगी तयार होईना आणि मुहूर्त टळू द्यायला गोजराबाई तयार होईनात. शेवटी गोजराबाईंनीच तोड काढली.

"मुहूर्ताला अंगठी खिरीत पडू द्या," त्या म्हणाल्या. "घास त्यो आल्यावर भरवू. मुहूर्त बी साधला अन् बाप बी सापडला."

सगळ्यांना ते पटलं. बहिरूनं बोटाला तेल चोळून अंगठी काढली आणि चांदीच्या वाटीत सोडली. वाटीत तांदळाची कोमट, गोड, दाट खीर होती. वाटीवर झाकण आलं आणि अंधार झाला.

मित्रांनो, तुम्ही सुट्टीत मामाच्या गावी जाता तेव्हा तुम्हाला कसं वाटतं? मला तसंच वाटलं. बाहेर पंगती उठत होत्या, पाहुणे हसत होते, कुणीतरी मंजुषाच्या गालाला गालबोट लावत होतं. वाटीत मी एकाचा दोन होत होतो, दोनाचे चार. मला आवाज नाही, वास नाही, रंग नाही. खीर तशीच पांढरी दिसत होती. ललितची लुना दारात वाजली, तेव्हा सगळ्या नाशिक शहरात माणसं नसतील एवढा मी त्या वाटीत होतो.

बहिरूनं अंगठी उचलून भाचीच्या जिभेला लावली. तिनं चव घेतली, डोळे मोठे केले आणि पुन्हा तोंड उघडलं. सगळे हसले. पुन्हा दिली, पुन्हा तोंड उघडलं. "मामाची लाडकी गं!" असं म्हणत गोजराबाईंनी अंगठी पदराला पुसली, काळ्या दोऱ्यात ओवली आणि तिच्या गळ्यात बांधली. हिरड्या शिवशिवणारी ती पोर अंगठी तोंडात धरून चोखत झोपी गेली. मी तिच्या आतही होतो आणि तिच्या गळ्यातही होतो.

आता सुईचं सांगतो. तान्ह्या बाळाच्या पोटातलं आम्ल कच्चं असतं, त्यातून मी दुधाच्या पांघरुणाखालून पार झालो. पुढे आतड्याची भिंत लागली. तुम्हाला वाटत असेल, जंतू भिंत फोडतात. छे! मी कधीच दार फोडत नाही. मी सुई टेकवतो आणि भिंतीतल्या पेशीच्या आत दोन-चार शब्द सोडतो. ते शब्द तिला स्वतःचेच वाटतात. मग ती पेशीच हलते, तिचा काठ वर उचलला जातो, माझ्याभोवती मिटतो आणि मला आत ओढून घेतो. यजमानच हाताला धरून मला माजघरात नेतो.

पाठोपाठ पांढरे पहारेकरी धावत येतात आणि मला गिळतात. गिळलं म्हणजे मारलं, असा त्यांचा समज असतो. तेव्हा मी दुसरं बेट उघडतो. पहारेकऱ्याच्या पोटातच मी माझ्यापुरती एक खोली बांधून घेतो, आणि त्याच्या पोटात बसून सगळं गाव हिंडतो. त्या खोलीत ऊब असते. दूरवर एक लहानसं हृदय भरभर वाजत असतं. शुभांगी पोरीला छातीशी धरून अंगाई म्हणायची. मित्रांनो, तुम्ही सगळ्यांनी अंगाई बाहेरून ऐकली आहे. मी ती आतून ऐकली आहे.

दुसऱ्या दिवशी मंजुषाला जुलाब लागले, मग ताप चढला, मग रक्त पडायला लागलं. उष्टावणाला एवढी माणसं जेवून गेली, कुणाचं साधं पोटही दुखलं नाही. वाटीतली खीर फक्त तिनंच खाल्ली होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. "नजर लागली," गोजराबाई म्हणाल्या आणि त्यांनी मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. गल्लीतल्या डॉक्टरनं औषधाची बाटली दिली. पहिला चमचा पोटात उतरला तसा मी तो ओळखला. कोंबड्यांच्या खाद्यातलंच ते औषध, फक्त इथे गोड करून, गुलाबी रंगात. मी माझी अंगठी काढली आणि ते पचवून टाकलं.

पोर सुकत चालली तशी तिला शहरात मुलांच्या दवाखान्यात नेलं. नर्सनं गळ्यातलं, हातातलं सगळं उतरवायला लावलं, तेव्हा गोजराबाईंनी अंगठी कमरेच्या चंचीत ठेवली. तिथे एक नवं इंजेक्शन होतं, त्याची मला ओळख नव्हती. मंजुषाच्या अंगातून माझा मुक्काम उठत गेला. ती हसायला लागली, दूध प्यायला लागली, घरी आली. घरी येताच आजीनं चंचीतून अंगठी काढली आणि तिच्या गळ्यात पुन्हा बांधली. पाकळीत खिरीचा एक वाळका कण होता आणि त्या कणात मी भुकेला बसून होतो. मला उपास जमतात. तिनं अंगठी तोंडात धरली.

दुसऱ्या खेपेला ताप वेगळाच होता. दुबळ्या अंगात मी आतड्यात थांबलोच नाही, रक्तात शिरलो. तिचं रडणं मांजराच्या पिलासारखं बारीक झालं. ललित कामाच्याच कपड्यांत दवाखान्याच्या दाराशी उभा होता. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की आता काही खरं नाही, प्रयत्न करतो. या वेळी गोजराबाईंनी अंगठी उतरवू दिली नाही. "मागल्या बारीला काढली म्हनून तर पुन्हा नजर लागली," असं म्हणून त्या नर्सशी भांडल्या आणि जिंकल्या.

रक्त घ्यायला अफिफा मॅडम आल्या, आज तुम्हाला ही प्रयोगशाळा दाखवताहेत त्याच. तेव्हा त्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत होत्या, पहिल्या खेपेला मला बशीत वाढवून ओळखलं होतं ते त्यांनीच. त्यांनी सुईत रक्त भरून घेतलं आणि त्यांची नजर पोरीच्या तोंडाकडे गेली. मंजुषाला रडायचं बळ नव्हतं, पण ओठांत अंगठी होती.

"आजी, ही अंगठी तिच्या गळ्यात कधीपासून आहे?"

"उष्टावनापासनं. मामाची हाय. काढायची नाय बरं का. काढली तवाच पुन्हा लागलं पोरीला."

अफिफा मॅडमनी सुई बाजूला ठेवली. "नीट आठवून सांगा. काढली तेव्हा ती बरी झाली, की आजारी पडली?"

मग शुभांगी हळूच म्हणाली, "काढली तेव्हा बरी झाली. घातली तेव्हा पडली." आणि ती आईकडे बघायला लागली. "मी म्हटलं होतं ना गं, धू म्हणून. म्हटलं होतं ना!"

"म्हंजी माज्या लेकाची अंगठी वंगाळ?" गोजराबाईंचा आवाज चढला. "बहिऱ्यानं भाचीला इख दिलं, असं म्हनतीस? सोन्याला इटाळ नसतो!"

बहिरू भिंतीला टेकून उभा होता. मामा म्हणून मिरवलेला तो आडदांड गडी लहान मुलासारखा रडत होता. अजून थोडा वेळ मिळाला असता, एवढाच, म्हातारीच्या हट्टापुरता, तर ते घर कायमचं माझं झालं असतं.

अफिफा मॅडमनी आवाज चढवला नाही. "आजी, सोनार सोनं शुद्ध कसं करतो?"

"कसं म्हंजी? इस्तवात घालून."

"मग आपण ही नुसती उकळत्या पाण्यात घालू. तुमच्या डोळ्यांदेखत. सोनं असेल तर त्याचं काय बिघडणार आहे? उकळली की तुमच्याच हातानं पुन्हा बांधा."

म्हातारीनं पोरीकडे बघितलं. पोरीच्या डोळ्यांच्या बाहुल्या वर जात होत्या. मग गोजराबाई पुढे झाल्या. त्यांच्या बोटांनी दोऱ्याची गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी ती दातांनी सोडवली.

पाण्यात टाकण्याआधी अफिफा मॅडमनी कापसाची एक काडी पाकळीतून फिरवली. मी काडीला चिकटलो. अंगठी उकळत्या पाण्यात पडली आणि मी मेलो. काडी नळीत गेली आणि मी वाचलो. दोन्ही एकाच वेळी घडलं. मित्रांनो, हा अनुभव तुम्हाला कधीच येणार नाही.

तिकडे इंजेक्शनं पुन्हा सुरू झाली. या वेळी माझ्या मदतीला बाहेरून कुणी येत नव्हतं. खोलीमागून खोली विझत गेली. शेवटचा मी कधी संपलो ते कळलं नाही. फक्त अंगाई हळू हळू दूर जात गेली आणि मग ऐकू येईनाशी झाली. मंजुषा वाचली.

तेव्हापासून मी या नळीत आहे. अफिफा मॅडम पुढे या कॉलेजात शिकवायला आल्या, तेव्हा परवानगी काढून मलाही घेऊन आल्या. काही वर्षं माझं फार कौतुक झालं. जनुकं ओळखायचं नवीन यंत्र आलं, तेव्हा त्यात पहिल्यांदा माझीच जनुकं घातली. जांभळ्या प्रकाशात त्यांच्या पट्ट्या चमकल्या. आत शिरण्याचं जनुक हजर होतं, लपून राहण्याचं हजर होतं, अंगठीही हजर होती. "बघा," मॅडम मुलांना म्हणाल्या, "इतकी वर्षं उपाशी आहे, पण काही विसरलेला नाही." हल्ली मला कुणी हात लावत नाही. वर्षाकाठी विज्ञान दिनाला तुमच्यासारखी शाळेची मुलं येतात, तेवढीच काय ती वर्दळ.

आज तुम्ही आलात. मॅडमनी बजावलं होतं, नळ्यांना हात लावू नका, तरी तुमच्यातल्या एका मुलीनं माझी नळी उचललीच. तिची बोटं काचेबाहेर होती, पण मला त्यांची ऊब लागली. ती ऊब माझ्या ओळखीची होती. तिच्या गळ्यात काळा दोरा होता आणि दोऱ्यात सोन्याची अंगठी. अंगठीवर पाच पाकळ्यांचं फूल.

मॅडमनी नळी तिच्या हातातून अलगद काढून घेतली. रागावणार होत्या, पण फुलाकडे बघून थांबल्या. "नाव काय तुझं?"

"मंजुषा."

"ही अंगठी...?"

"मामाची आहे. आजी दर अमावस्येला उकळून देते. शेजारणी हसतात तिला. ती म्हणते, माणसासारखी सोन्यालाबी अंघोळ लागती."

मॅडमनी मला स्टँडमध्ये परत ठेवलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि सगळ्यांना हात धुवायला रांगेत उभं केलं.

मंजुषा, नळीच्या बाहेर मी नव्हतो गं. काच स्वच्छ होती. तरी तू दोरा सोडलास, अंगठीला साबण लावलास, नखानं एकेक पाकळी घासलीस आणि पाण्याखाली कितीतरी वेळ धरलीस. तुझ्या अंगात मी राहिलो आहे. तुझ्या आईचा आवाज मी तुझ्या छातीतून ऐकला आहे. तू एकदा तरी वळून बघशील असं मला वाटलं होतं. तू हात पुसलेस आणि निघून गेलीस.

बाकीच्यांचंही मी बघितलं. कुणी नळाखाली नुसती बोटं ओली केली. कुणी हात चड्डीला पुसले. कुणी रांग मोठी आहे म्हणून मागच्या मागे सटकले. तुम्ही कुठे होता, ते तुम्हाला माहीत आहे.

मित्रांनो, छत्री म्हणते मला जपा, पुस्तक म्हणतं मला फाडू नका. माझं काही मागणं नाही. त्या मुलीचं फार मनावर घेऊ नका, एवढंच सांगणं. तिच्या घरचं सगळंच निराळं आहे. तुम्ही आहात तसेच छान आहात.

जा आता. फाटकापाशी भेळवाला उभा आहे, वर कोथिंबीर छान हिरवीगार घालतो. तुम्हाला भूक लागली असेल.